केबल काढल्यावर

मंगळवार, ८ जुलै

विली आज आमच्या खोलीत आला, म्हणजे आजपासून मी सासू.

हे नाव विलीच्या तारा जोडणाऱ्या कोस्ताने ठेवलेलं. बाकीच्यांनी महिनोन्‌महिने खपून उपग्रह बांधायचा आणि मी त्याला तापवून, गारठवून, गदागदा हलवून त्याच्यात खोट काढायची, तर मग दुसरं काय म्हणणार? मी शिरले की कुणीतरी हळूच म्हणतं, "ताठ बसा, सासूबाई आल्या." मला राग येत नाही. निदान कुणीतरी माझी चाहूल घेतं.

विली मायक्रोवेव्हएवढा आहे. मागे लांब अँटेना, म्हणून आमच्या अंगणात शेपटी हलवत फिरणाऱ्या विली पक्ष्याचं नाव. पोटात कॅमेरे आहेत. डोंगरात कुठे वणवा लागला तर तो लहान असतानाच वरून दिसावा, एवढंच त्याचं काम.

आजपासून माझा नियमही लागू. वस्तू माझ्या ताब्यात आली की माझी सही होईपर्यंत ती बनवणाऱ्यांबरोबर जेवायचं नाही, चहा नाही, गप्पा नाहीत. माझा पहिला साहेब ब्रॅम म्हणायचा, माणूस खाल्ल्या मिठाला जागतो आणि मग त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. ब्रॅम गेला, नियम राहिला. मी टेबल उचलून कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत नेलं.

कोस्ताकडून विजेच्या जोडण्यांबद्दल दोन गोष्टी विचारून घ्यायच्या होत्या, तर तो सुटीवर आहे म्हणे. सून सासरी पाठवली आणि बाप गायब.

मी फोनवर बोलत असताना जनीनने एक कार्ड पुढे सरकवलं, कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून. जनीन आमची मुख्य, पण सगळ्यांच्या सह्यांसाठी कार्ड फिरवायचं काम तिच्याकडेच. स्वागतकक्षातल्या टॅमीला बाळ झालेलं असणार. मी फोन न ठेवताच लिहिलं, "अभिनंदन! आता झोप विसर. – लो." जनीन कार्ड घेऊन घाईघाईने गेली.

घरी आले तेव्हा रेडिओ चालू होता. तो मी सकाळी मुद्दामच चालू ठेवून जाते. माझा नवरा नेव्हिल घर सोडून क्वीन्सलंडला गेल्यापासूनची सवय. दार उघडल्यावर आत कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं.

शनिवार, १९ जुलै

कोस्ता परवा परतला. दाढी वाढवली आहे, अंगात काळा स्वेटर. सुटीत पूर्वजांच्या बेटांवर वगैरे जाऊन आला असावा, तिकडे उत्तर गोलार्धात आता उन्हाळा, इथे थंडी. विचारलं नाही. नियम.

काल दुपारी टेबलावर डबा सापडला. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर 'लो'. आत मसुराचं सूप. ही त्याच्या आईची करणी, ओळखलं मी. इरिनीबाईंना मी दोनदाच भेटले आहे, नाताळच्या जेवणात. दोन्ही वेळा त्यांनी माझा दंड चिमटीत धरून, हिला घरी कुणी जेवायला घालत नाही का, असं कोस्ताला विचारलं होतं आणि निघताना बिस्किटांचा डबा हातात कोंबला होता. त्या वर्षी नाताळात घरी तेवढंच गोड होतं.

पण आता विली माझ्याकडे आहे. डबा न उघडता कोस्ताच्या टेबलावर ठेवून आले. तो स्क्रीनकडेच बघत राहिला.

आज दिवसभर समुद्रावर वारा. एक पेस्टी, म्हणजे खिम्याची भाजलेली करंजी, आणली, बाकावर बसून खाल्ली. सीगल सोडला तर कुणाशी बोलले नाही.

बुधवार, ३० जुलै

हलवण्याच्या चाचणीत विली पहिल्या श्रेणीत पास. एक स्क्रूसुद्धा सैल नाही. मी तसं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. "तब्येत बरी आहे ना तुझी?" असं विचारलं एकाने.

डबे चालूच आहेत. मीही परत ठेवते आहे. आज कोस्ता म्हणाला, "निदान वास तरी घे." मी म्हटलं, सही झाली की वाडगाभर पिईन. तो म्हणाला, "तोपर्यंत मला जमेल." म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. दाढी अजून काढलेली नाही. इतका गबाळा हा कधी नसतो.

सोमवार, ११ ऑगस्ट

विली आज टाकीत गेला. टाकी आमची नाही, भाड्याची. शहराच्या उत्तरेला मोठी शेड आहे, आत पाणबुडीसारखं लोखंडी पिंप. त्यातली सगळी हवा काढून घेतात आणि भिंती अंतराळासारख्या गार करतात. टाकी थाओच्या ताब्यात आहे. ती माणसांपेक्षा पंपांशी जास्त बोलते, म्हणून आमचं जमतं.

एक जाडजूड केबल टाकीच्या भिंतीतून आत विलीपर्यंत जाते. तिच्यातून त्याला वीज मिळते आणि त्याची तब्येत आम्हाला कळते. थाओ तिला नाळ म्हणते.

शुक्रवारी चाचणी संपली पाहिजे. सोमवारी दुसऱ्या कंपनीची पाळी. मंगळवारी विली पेटीत बसून अमेरिकेला, तिथे दुसऱ्यांच्या रॉकेटवर एका कोपऱ्यात त्याची जागा ठेवली आहे. ती हुकली तर पुढची थेट एप्रिलमध्ये, म्हणजे डिसेंबरपासूनचा आमचा उन्हाळा, वणव्यांचा सगळा मोसम, विलीशिवाय जाणार. आणि जनीन म्हणते, कंपनी तोवर तग धरेल याची तिला खात्री नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज एक गोष्ट घडली. इतकी बारीक की घडली नाही असं म्हणता आलं असतं.

टाकी पूर्ण गार झाली होती. केबलचं बाहेरचं टोक सैल वाटलं म्हणून थाओने ते काढलं, पुसलं, परत बसवलं. चहा ओतून घ्यायला लागतो तेवढा वेळ. बसवलं तेव्हा विली नुकताच झोपेतून उठल्यासारखा पहिल्यापासून सुरू होत होता. म्हणजे मधे तो बंद पडला होता. तशी त्याच्याकडे भरलेली बॅटरी आहे. केबल निघाली म्हणून त्याने बंद पडायचं काही कारण नाही.

मग दिवसभर सगळं ठीक. पुन्हा काही केल्या झालं नाही. अर्थात, केबल लावलेलीच होती.

बुधवार, १३ ऑगस्ट

बैठक. मी म्हटलं, केबल काढून त्याला थंडीत एकटं ठेवून बघायचं. जनीन म्हणाली, ठरलेल्या चाचण्यांत ते नाही. खरं आहे, त्या ठरवल्या मीच. केबलशिवाय त्याच्या पोटातलं काही दिसत नाही, नुसता रेडिओवरचा टिकटिक आवाज ऐकत बसायचं, म्हणून कुणीच तसं करत नाही. कोस्ता म्हणाला, टोक काढताना झटका बसला असेल, बाकी काही नाही.

"आणि वर गेल्यावर?" मी विचारलं. "वर कोण नाळ धरून उभं राहणार आहे?"

"लो, एका उचकीसाठी तू सगळ्यांना घरी बसवणार," जनीन म्हणाली.

मी कोस्ताकडे पाहिलं. वाटलं होतं, तो तरी म्हणेल की बघून घेऊ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो वाद घालत नव्हता. नुसता दमलेला दिसत होता.

"तुझा माझ्या कामावर विश्वास नाही का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, विश्वास ठेवायचा मला पगार मिळत नाही. हे वाक्य ब्रॅमचं. त्याच्या तोंडी ते बरं वाटायचं.

घरी येऊन रेडिओचा आवाज मोठा केला. सगळे मला पाण्यात पाहतात, हे आज पहिल्यांदा मनाला लागलं. मला वाटायचं, मी ह्याच्या पलीकडे गेले आहे.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

ठरलेल्या सगळ्या चाचण्या पास. जनीन कागद घेऊन शेडवर आली. मी सही केली नाही. तिने कागद घडी करून बगलेत मारला. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. शेवटी म्हणाली, टाकी सोमवार सकाळपर्यंत रिकामीच आहे, थाओ तयार असेल तर रविवारी काय ती हौस भागवून घे. संध्याकाळपर्यंत विली टिकटिकत राहिला तर सही करायची, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

थाओने मान डोलावली. तिने डुलकीसाठी खाटही आणून ठेवली, माझ्यासाठी.

निघताना कोस्ताने गाडीपाशी गाठलं. म्हणाला, "रविवारी सकाळी चर्चमध्ये ये. दहाला. नंतर हॉलमध्ये कॉफी असते. फार वेळ लागणार नाही."

मी थक्क झाले. इथे विली टांगणीला लागलाय आणि ह्याला चर्चचा उत्सव सुचतोय. शिवाय नेमका रविवारच. माझ्यावर गोडीगुलाबीचा प्रयोग चाललाय हे लहान मुलालाही कळलं असतं. मी म्हटलं, रविवारी तुझ्या विलीची नाळ कापायची आहे, खरं तर तूच तिथे हवास.

"हो," तो म्हणाला. "खरं तर हवा." आणि गेला. स्वेटर तोच, काळा. कोपरावर विरलाय.

रविवार, १७ ऑगस्ट

क्रमाने लिहिते, नाहीतर जमणार नाही.

सकाळी थाओने केबल काढली. स्क्रीनवरच्या सगळ्या रेघा एकदम आडव्या झाल्या. राहिला तो छोटा रेडिओ आणि थोड्या थोड्या वेळाने त्याच्यावरची टिक. आम्ही दोघी खुर्च्या ओढून बसलो. आजवर विलीला कुणी असं सोडलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. जन्मल्यापासून कुठली ना कुठली तार त्याला लावलेली होती. आम्ही त्याची सगळी परीक्षा घेतली ती त्याचा हात धरून.

टिक येत होती. बऱ्याच वेळाने मला वाटू लागलं की आपलंच चुकलं. आणि खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी इच्छाही झाली. सही करावी, काचेच्या खोलीतून बाहेर यावं, वाडगाभर सूप प्यावं.

मग एक टिक आली आणि पुढची आलीच नाही. थाओने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी रेडिओकडे बघत राहिलो. मी बरोबर होते. इतकं एकटं मला नेव्हिल गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

कोस्ताला फोन केला. दोन वाक्यं बोलले, तो अर्ध्या तासात आला. अंगात काळा सूट, हातात छोटी कागदी पुडी. पुडी टेबलावर ठेवून त्याने नकाशे उघडले. विलीची बॅटरी गार पडली की तिला ऊब द्यायला एक छोटा हीटर आपोआप लागतो. कोस्ताचं बोट त्या हीटरच्या तारेवरून सरकत गेलं आणि थांबलं. ती तार विलीच्या सांगाड्याला जोडायची राहिली होती. बाहेरच्या केबलमधून तिला परस्पर आधार मिळत होता, म्हणून आजवर सगळं सुरळीत. केबल निघाली की ती लोंबकळत राहणार, हीटरला वाटणार ऊब आहे, आणि बॅटरी थिजणार. मंगळवारी टोक आधीपासूनच सैल होतं, म्हणजे बॅटरी अगोदरच गारठलेली, म्हणून तो तेव्हा लगेच बंद पडला.

"ही मी जोडायची होती," कोस्ता म्हणाला. "जुलैच्या पहिल्या आठवड्यात."

मला राग आला होता. सकाळपासून मी टिक मोजत बसले होते आणि हा सूट घालून समारंभाला गेला होता. मी विचारलं, "त्या आठवड्यात तुझं लक्ष कुठे होतं?"

"दुसरीकडे होतं, लो." एवढंच म्हणाला. हत्यारं आणायला कार्यशाळेत जातो म्हणून निघाला. पुडी टेबलावरच राहिली. मी उघडली. उकडलेले गहू, साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे. मी थाओला म्हटलं, बघ, उत्सवाचा प्रसाद.

थाओ माझ्याकडे असं बघू लागली की मी पुडी खाली ठेवली.

"तुला माहीत नाही?" ती म्हणाली. "त्याची आई गेली ना. आज चाळिसाव्याची प्रार्थना होती. ते गहू मेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात."

परक्या शेडमधल्या थाओला माहीत होतं. तिने त्याला एकदा विचारलं होतं, दाढी का वाढवलीस. त्यांच्यात आई गेली की चाळीस दिवस दाढी काढत नाहीत, काळं घालतात.

इरिनीबाई. माझा दंड चिमटीत धरणाऱ्या. म्हणजे ते डबे त्यांनी पाठवलेलेच नव्हते.

मग मला कार्ड आठवलं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

काल झोप नाही, जेवण नाही. लिहायचं नव्हतं, पण ज्याच्याशी बोलावं असं दुसरं कुणी नाही.

वही मागे उलटून पाहिली. टॅमीला बाळ नोव्हेंबरमध्ये होणार आहे. आईच्या मरणाच्या कार्डावर मी अभिनंदन लिहिलं आहे. वर उद्गारचिन्ह. मी, जी न वाचता कशावरही सही करत नाही म्हणून सगळी कंपनी खोळंबून बसते.

काल बैठकीत कोस्ताने सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. मी उभी राहिले. म्हटलं, तपासण्या मी ठरवल्या होत्या आणि केबल काढून बघायचं त्यांत मी घातलंच नव्हतं, तेव्हा अर्धी चूक माझी लिहा. जनीनने कपाळ चोळलं. अमेरिकेला तिने सकाळीच कळवलं होतं. विली ह्या रॉकेटवर जात नाही. हंगामी दोघांना तिने महिनाअखेरीस कामावरून कमी करत असल्याची सूचना दिली. त्यांतला एक जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, जिंकलात सासूबाई.

वणवा लागल्यावर मुका राहिला असता विली. हे मी स्वतःला सांगते आहे. खरंच आहे ते. पण उपयोग होत नाही.

कोस्ताने परत डबा ठेवलेला नाही. का ठेवेल?

गुरुवार, २८ ऑगस्ट

विलीची तार जोडून झाली. टाकी आता ऑक्टोबरमध्ये मिळेल. जनीनने कुणाकुणाला गळ घालून कंपनी एप्रिलपर्यंत ओढायची सोय केली आहे, निम्म्या दिवसांच्या कामावर. माझी सही झालेली नाही, म्हणजे नियम लागू आहे.

दुपारी काचेच्या खोलीतून उठले, कपाटातून चमचा घेतला आणि कोस्ताच्या टेबलासमोर जाऊन बसले. तो डब्यातलं एकटाच खात होता. आजूबाजूची बोलणी थांबली. थांबू देत.

मी म्हटलं, मला इरिनीबाईंचं कळलं नव्हतं. मी म्हटलं, त्या कार्डावर मी जे लिहिलं ते टॅमीसाठी होतं, मी ते वाचलंच नाही, मला फार वाईट वाटतं. जेवढं पाठ केलं होतं त्याच्या निम्मंच बाहेर आलं. माझा आवाज चिरकला, सगळ्यांनी ऐकला असणार.

कोस्ताने चमचा खाली ठेवला.

"ते कार्ड आईच्या फोटोशेजारी आहे," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं, दुःखात सहभागी. तुझं वाचलं आणि मी हसलो. मोठ्याने. दवाखान्यातून आल्यानंतर पहिल्यांदा. बहिणीला वाटलं मला वेड लागलं."

"झोप विसर, असं लिहिलं होतं मी."

"हो. आणि खरंच गेली ना झोप. एवढ्या सगळ्यांत तेवढं एकच बरोबर होतं."

त्याने डबा टेबलाच्या मध्ये सरकवला. पहाटे जाग येते तेव्हा हेच करत बसतो, म्हणाला, आईने कधी मापं सांगितली नाहीत. ह्या ऑफिसात चव खरी सांगेल असं एकच माणूस आहे, म्हणून डबे तुझ्याकडे पाठवत होतो.

मी घास घेतला. मसूर कच्चट, तमालपत्राचा पत्ता नाही, आणि व्हिनेगर इतकं की डोळ्यांत पाणी आलं. पाणी आलं ते व्हिनेगरनेच, असं इथे लिहून ठेवते.

"आंबट आहे," मी म्हटलं. "फार. मसूर शिजलेले नाहीत."

त्याने मान हलवली. दाढी काढून टाकली आहे, चेहरा लहान दिसतो. "मग? नापास?"

"नापास. उद्या परत करून आण, मी तपासते."

तेवढं बोलून मी उरलेला डबा संपवला.